झडपांचा शिणवटा, अगंज पोलादी
पश्चाग्र (रेसिप्रोकेटिंग) पंपातील अगंज (स्टेनलेस) पोलादी झडपांना पुनरावर्ती प्रतिबलामुळे पडणारे तडे व त्यांचा प्रतिबंध.

इतिहास : रेल्वे-आसांच्या शिणवट्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केला. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्ड येथे १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त अगंज पोलाद तयार केले (पहा : पोलाद). महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसवलेले किर्लोस्करवाडी (जि. सांगली) हे पंपनिर्मितीचे प्रमुख केंद्र आहे (पहा : पंप).

स्वरूप : मिनिटाला ३०० वेळा सतत उघडझाप करणारी झडप सु. २३ दिवसांत एक कोटी आवर्तने पूर्ण करते. तडा बहुधा पृष्ठभागावरील ओरखडा, खाच, तीक्ष्ण कोपरा किंवा गंजखड्ड्यापासून सुरू होतो. क्लोराइडयुक्त पाण्यात सुरक्षित प्रतिबलमर्यादा घटते (पहा : संक्षारण).

प्रतिबंध : कोपऱ्यांना गोलाई देतात व पृष्ठभाग चकचकीत करतात. छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागात दाब-प्रतिबल निर्माण करतात. झडपेची उचल मर्यादित ठेवून व योग्य स्प्रिंग वापरून बैठकीवरील आघात कमी करतात. चूषण बाजूस पुरेसा दाब राखून बाष्पबुडबुडे टाळतात. खाऱ्या पाण्यासाठी २–३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे किंवा द्विप्रावस्था (ड्युप्लेक्स) पोलाद निवडतात. ३१६ सारखे ऑस्टेनाइटी पोलाद सामान्यतः अचुंबकीय असल्याने तडे शोधण्यासाठी चुंबकीय कणांऐवजी रंगद्रव वापरतात.

महत्त्व : वसईच्या खाडीकाठी व समुद्रालगत वसलेल्या मीरा-भाईंदरसारख्या परिसरात हवा क्षारयुक्त असल्याने झडपांसाठी योग्य धातुनिवड व नियमित तपासणी आवश्यक ठरते.