पुरावा : रॉचडेल, 1924

26 जुलै 1924 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक आटोपशीर टिपण आहे. लिहिणारे डॉ. विल्यम एडमंड कुक, लँकशरमधल्या विगन इन्फर्मरीचे पॅथॉलॉजिस्ट. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात राबून तेहतिसाव्या वर्षी वारलेली एक बाई, तिची फुप्फुसे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत दिसलेले खनिजाचे कण, एवढाच ऐवज. बाईचे नाव टिपणात नाही. 1991 मध्ये सेलिकॉफ आणि ग्रीनबर्ग या डॉक्टरांनी हे प्रकरण पुन्हा उकरून 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि नेली कर्शॉ हे नाव वैद्यकाच्या वाचकांपुढे ठसठशीतपणे आले. कारखान्याचा पत्रव्यवहार बाहेर पडला तो निराळ्याच वाटेने. चेस मॅनहॅटन बँकेने आपल्या इमारतीतल्या ॲस्बेस्टॉसपायी टर्नर अँड न्यूऑल कंपनीवर अमेरिकेत दावा लावला आणि कंपनीला जुने दप्तर उघडावे लागले. 1995 मध्ये बँक दावा हरली. कागद मात्र इतिहासकारांच्या हाती लागले. जेफ्री ट्वीडेल यांचे 2000 सालचे पुस्तक त्यांच्याच आधारावर उभे आहे.

आपल्याकडे इतिहाससंशोधक राजवाड्यांपासून अस्सल पत्राला बखरीपेक्षा अधिक वजन दिले जाते. ते रास्तच आहे. पण या प्रकरणातला जवळपास प्रत्येक कागद अस्सल आहे, आणि पैसे कोणाच्या खिशातून जाणार याचा हिशेब मनात ठेवून लिहिलेलाही आहे. म्हणून हे कागद तारीखवार लावून, एकाला दुसऱ्याशी ताडून वाचावे लागतात.

नेलीचा जन्म 1891 चा, लँकशरमधल्याच रॉचडेलचा. 1903 मध्ये, बाराव्या वर्षी, ती कापडगिरणीत लागली आणि पाच महिन्यांत गार्साइड यांच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात गेली. 31 डिसेंबर 1917 रोजी ती टर्नर ब्रदर्सकडे, म्हणजे पुढच्या टर्नर अँड न्यूऑलकडे, आली. काम सूत काढण्याचे. ॲस्बेस्टॉस हा खाणीतला दगड खरा, पण तो फोडून मोकळा केला की त्याचे तंतू सुटतात आणि कापसासारखेच पिंजून कातता येतात. यंत्रेही कापसाच्याच यंत्रांच्या जातीची. गिरणगावात कार्डिंग खात्यात उभे राहिलेल्याला तिथली हवा वेगळी सांगायला नको. फरक एवढाच की ही धूळ दगडाची.

1920 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तिला त्रास सुरू झाला. तरी ती दोन वर्षे कामावर जात राहिली. 22 जुलै 1922 रोजी डॉ. वॉल्टर स्कॉट जॉस यांनी तिला कामास अपात्र ठरवले आणि दाखल्यावर आजार लिहिला 'ॲस्बेस्टॉसची विषबाधा'. जॉस यांची प्रॅक्टिस रॉचडेलमध्येच होती. कारखान्यातली माणसे काय श्वासात घेतात हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नसावे.

निदान बरोबर होते आणि त्यानेच बाईची कोंडी झाली. 1911 च्या कायद्याने आजारी कामगाराला मान्यताप्राप्त विमा मंडळाकडून भत्ता मिळे. पण आजार कामामुळे जडला असेल तर भत्ता मंडळाने द्यायचा नाही, भरपाई मालकाने द्यायची, 1906 च्या कामगार भरपाई कायद्याखाली. त्या कायद्याला व्यवसायजन्य रोगांची यादी जोडलेली होती आणि यादीत ॲस्बेस्टॉस नव्हते. मंडळ म्हणाले, हे मालकाचे. मालक म्हणाला, असा रोगच नाही. जॉस यांनी नुसता 'छातीचा विकार' लिहिला असता तर बाईच्या हाती आठवड्याचे चार पैसे तरी पडते, असा तर्क मी करतो. तो कागदावर नाही. पण त्या वेळच्या किती डॉक्टरांनी नेमक्या याच हिशेबाने गोलमोल दाखले दिले असतील, हा प्रश्न मागे उरतोच.

कारखान्याचे व्यवस्थापक पर्सी केन्यन यांची भूमिका पत्रांत स्वच्छ आहे. ही संज्ञाच आम्ही नाकारतो, ॲस्बेस्टॉस विषारी नाही, असा रोग कोणाला ठाऊक नाही आणि कायद्याच्या यादीतही तो नाही. शेवटचे विधान खरे होते, म्हणूनच ते आधीच्या विधानांना टेकू म्हणून लावले आहे. त्याच दप्तरात नेलीचेही पत्र आहे. नऊ आठवडे मी घरी आहे, एक पेनी मिळालेली नाही, विम्यावाले काही द्यायला तयार नाहीत, मला सकस खाण्याची आणि पैशाची गरज आहे, यात माझा काही दोष नाही, माझ्या बाबतीत तुम्ही काय करणार, असा मजकूर. विनंती कमी, जाब जास्त. मालकाला असे लिहिणारी ती मुखदुर्बळ नव्हती हे नक्की.

असा रोग खरोखरच कोणाला ठाऊक नव्हता का? मागचे कागद काढले की केन्यन यांचे म्हणणे टिकत नाही. कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी 1898 च्या अहवालातच ॲस्बेस्टॉसच्या धुळीची नोंद केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या कपच्यांसारखे अणकुचीदार दिसले होते. 1899 मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलात डॉ. मॉंटेग्यू मरे यांच्याकडे एक कामगार आला. चौदा वर्षे तो या धंद्यात होता. तो वारल्यावर मरे यांना त्याच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसच्या सुया सापडल्या.

1906 मध्ये भरपाईची यादी ठरवणाऱ्या समितीपुढे मरे यांची साक्ष झाली. तिच्यातली एक जागा मी पुन्हा पुन्हा वाचतो. रोग्याने आपण होऊन सांगितले होते की तो पिंजणखात्यात लागला तेव्हा तिथे दहा माणसे होती, त्यांतला तो एकटा उरला आहे, बाकी सगळे तिशीच्या आसपास गेले. मरे हे समितीला सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात की याला त्याच्या शब्दाखेरीज माझ्याकडे पुरावा नाही. शिवाय अलीकडे धूळ आवरायची बरीच काळजी घेतात असे ऐकतो, तेव्हा रोग आता कमी व्हावा, अशी आशाही ते व्यक्त करतात. मरे प्रामाणिक होते, यात शंका नाही. पण दहा नावे कारखान्याच्या हजेरीपटात असणारच होती. तो पट मागवून ताडून पाहणे काही अवघड नव्हते. ते झाले नाही, आणि यादीत ॲस्बेस्टॉस आले नाही. सोळा वर्षांनी केन्यन बोट दाखवतात ते या यादीकडे.

14 मार्च 1924 रोजी नेली वारली. कॉरोनर मोल्सवर्थ यांनी चौकशी सुरू करून फुप्फुसांच्या सूक्ष्म तपासणीसाठी ती तहकूब ठेवली. तपासणी कुक यांच्याकडे आली. ती सोपी नव्हती, कारण फुप्फुसांत जुन्या, भरून आलेल्या क्षयाचे व्रणही होते. त्या काळच्या गिरणीगावात क्षय काही नवलाचा नव्हता. खोकला, धाप, वजन उतरणे, सगळे क्षयाच्या खाती टाकून मोकळे होता आले असते. कुक यांनी ते केले नाही. फुप्फुसांचा मोठा भाग तंतुमय होऊन घट्ट झाला होता आणि त्यात कण रुतले होते, बहुतेक धारदार कोनांचे. लांबी 3 पासून 393.6 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे सर्वांत मोठा कण एक मिलिमीटरच्या दोन पंचमांशाला जवळ. मग त्यांनी ताडून पाहण्यासाठी धूळ मिळवली. कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक डॉ. एस. ए. हेन्री यांनी ॲस्बेस्टॉसच्या धुळीचे नमुने दिले आणि कुक यांनी फुप्फुसातले कण त्यांच्याशी पडताळले. 1 एप्रिलला त्यांनी कॉरोनरपुढे सांगितले की हे कण ॲस्बेस्टॉसचेच आहेत आणि फुप्फुसे तंतुमय होण्याचे, म्हणून मृत्यूचे, मूळ कारण तेच आहे, यात रास्त शंकेला जागा नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण आहे, 'खनिज कण श्वासावाटे गेल्याने फुप्फुसांचे तंतुमय होणे'. ॲस्बेस्टॉस हा शब्द तिथे नाही. चौकशीला कंपनीचे वकील हजर होते. दाखल्याचे शब्द सौम्य होण्यात त्यांचा हात होता असे म्हणण्याइतका आधार नाही, म्हणून ते म्हणत नाही. भरपाई मिळाली नाही. दफनाच्या खर्चालाही कंपनीने हात आखडता घेतला. काही दिले तर जबाबदारी कबूल केल्यासारखे होईल आणि घातक पायंडा पडेल, हे कारण दप्तरात नोंदलेले आहे. नवरा फ्रँक छपरांवर पाट्या बसवणाऱ्याच्या हाताखाली मजूर होता. नेलीला रॉचडेलच्या दफनभूमीत बिनखुणेच्या कबरीत पुरले.

पुढचे वेगाने घडले. 1927 मध्ये कुक यांनी 'पल्मनरी ॲस्बेस्टॉसिस' हे नाव रूढ केले. 1930 मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला. 363 कामगार तपासले, 95 जणांची फुप्फुसे तंतुमय झालेली, म्हणजे शंभरात सव्वीस. वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांत पाचांपैकी चार. 1931 मध्ये धुळीचे नियम आणि भरपाईची योजना झाली. हा अहवाल वाचताना तपासायला कोण होते हेही बघावे. त्या वेळी कामावर असलेलेच. धाप लागून घरी बसलेले किंवा मेलेले हिशेबात नाहीत. नेली जिवंत असती तरी या मोजणीतून सुटली असती.

टर्नर अँड न्यूऑलचे धागे आपल्यापर्यंत येतात. मुंबईत घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोमध्ये त्याच कंपनीच्या छत्राखाली ॲस्बेस्टॉसचा माल बनत असे. आपल्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग आहे, त्यामुळे 1922 मधला केन्यन यांचा युक्तिवाद इथे चालायचा नाही. वाद होतो तो एक्स-रेवरचे डाग धुळीचे की टीबीचे, आणि माणूस त्या खात्यात होता की नव्हता, यावर. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगाला बजावले की प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांतले जे उशिरा संपेल तोवर जपून ठेवावी. रोग दिसायला दशके लागतात, म्हणून ही मुदत. निकाल नोंद जपायला सांगतो, पण कंत्राटी माणसाचे नाव मुळात मस्टरवरच नसेल तर जपायला काही नसते, आणि भरपाई मागायची वेळ आली तरी तो त्या खात्यात होता याला त्याच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो.