डाव्या पायाचा बूट



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत बोलावला की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती बहुधा खोटी ठरत नाही. यंदा मात्र चिटणीसांची परवानगी घेऊन आम्ही एका बुटाचा इतिहास सांगणार आहोत. चार चाकांच्या फळीवर उभे राहून रस्त्याने धावणारी आणि उड्या मारणारी मुले आपण आता आपल्याकडेही पाहतो. त्या फळीला स्केटबोर्ड म्हणतात. त्यावर घालायचा जो बूट, तो अधिक दिवस कसा टिकेल याचा विचार गेली साठ वर्षे चालू आहे. पोरासोरांच्या खेळण्याचा हा विषय आम्हांस कोठून सुचला, ते आधी सांगितले पाहिजे.

मागच्या पावसाळ्यात स्टेशनाबाहेर एका गटई कामगाराच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. काम संघटनेचे होते. परवान्याचा अर्ज भरायचा होता. तेवढ्यात सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाने पिशवीतून बुटांचा जोड काढून पुढे ठेवला. उजवा जवळजवळ कोरा. डाव्याला करंगळीच्या वर, बाहेरच्या अंगाला, रुपयाएवढे भोक. आमच्या मित्राने दोन्ही बूट उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "काय रे बाळा, एकाच पायाने चालतोस की काय?"

"चालतो दोन्हीने, काका. पण उडी मारताना हा घासतो."

आमच्या मित्राचा हात चाळीस वर्षे रापी-आरीवर आहे. टाच कोणत्या अंगाने झिजली यावरून तो माणसाची चाल सांगतो आणि पुष्कळदा त्याचा धंदाही सांगतो. झीज ही त्याच्या लेखी श्रमाची नोंदवहीच होय. परंतु या जागेचे भोक त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. आम्हीही नव्हते. त्या भोकाचा माग काढीत आम्ही वाचू लागलो, तो थेट कॅलिफोर्नियात जाऊन पोचलो.

आरंभ रबरापासून करावा लागतो. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला असे आढळले की रबरात गंधक मिसळून ते तापवले म्हणजे हे दोन्ही दोष जातात. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. कॅनव्हासच्या बुटाला याच क्रियेचा उपयोग होतो. पायाच्या आकाराच्या साच्यावर कापड ताणून बसवतात, खाली कच्च्या रबराचा तळ आणि सभोवार रबराची पट्टी चिकटवतात, आणि तो सबंध बूट भट्टीत घालून शंभर अंशांहून अधिक उष्णतेत शिजवतात. शिजल्यावर कापड आणि तळ एकजीव होतात. असा तळ पातळ आणि लवचिक राहतो, पायाखालची फळी पायाला कळते. स्केटबोर्डवाल्यांना तो प्रिय होण्याचे कारण हेच. पण जे एकजीव झाले ते उसवून पुन्हा शिवता येत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

कॅलिफोर्नियातल्या मुलांनी आरंभी ही फळी अनवाणीच दामटली. समुद्रावर लाटांवरून घसरणारी ती पोरे. लाट नसेल त्या दिवशी ती रस्त्यावर येत. 1965 च्या सुमारास रँडॉल्फ रबर कंपनीने या खेळासाठी म्हणून एक बूट काढला. त्याच कंपनीत पॉल व्हॅन डोरेन नावाचा एक माणूस होता. शाळा अर्धवट टाकून तो कारखान्यात शिरला, झाडू मारण्यापासून सर्व कामे केली आणि वर चढत चढत कारभारी झाला. पुढे भाऊ जेम्स आणि आणखी दोन भागीदार यांच्याबरोबर त्याने स्वतःचा कारखाना काढला. 16 मार्च 1966 रोजी अ‍ॅनाहाइम या गावी व्हॅन्सचे दुकान उघडले, आणि कारखाना त्या दुकानाला लागूनच होता. पहिल्या दिवशी बारा गिऱ्हाइके आली. सकाळी त्यांनी बूट पसंत केले, कारखान्यात ते तयार झाले आणि दुपारी गिऱ्हाइके येऊन घेऊन गेली. पुरुषांच्या जोडाची किंमत 4.49 डॉलर.

दुकान आणि कारखाना यांच्यामध्ये फक्त एक भिंत असणे, ही आम्हांस या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. फाटका बूट घेऊन आलेला माणूस त्या भिंतीच्या अलीकडे उभा, आणि तो बूट करणारा पलीकडे. व्हॅन डोरेनने तळ प्रतिस्पर्ध्यांच्या तळापेक्षा दुप्पट जाड केला, आणि सुती दोऱ्याऐवजी नायलॉनचा दोरा घातला. तळावरची नक्षी मुळात शंकरपाळ्यांची होती. चवड्याखाली, जेथे पाय वाकतो तेथे, ती तडकू लागली. तेव्हा त्याने तेवढ्या जागी उभ्या रेघा वाढवल्या. आज ज्या जाळीदार तळाचे कौतुक होते, तो कोणा चित्रकाराने काढलेला नाही. तडकलेल्या बुटांच्या तक्रारीतून तो निघाला.

1970 नंतरच्या दशकात चाकांना युरेथेन आले, आणि खडखडणारी फळी रस्ता धरून पळू लागली. 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियात अवर्षण पडले. श्रीमंतांच्या अंगणातले पोहण्याचे हौद कोरडे झाले आणि मुले त्यांच्या गोलसर भिंतींवर चढू लागली. या मुलांचा एक पाय सतत जमिनीवर घासे, कधी ढकलण्यासाठी, कधी थांबण्यासाठी. एक बूट आधी जाई. तेव्हा व्हॅन्सची दुकाने त्यांना एकच बूट विकू लागली! दुकानदारीच्या इतिहासात याला तोड नसावी. आपल्याकडे कोणी अर्धा जोड मागितला तर दुकानदार त्याला वैद्याकडे पाठवील.

त्याच वर्षी, 1976 मध्ये, टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या दोन नामांकित खेळाडूंच्या सूचनेवरून घोट्याभोवती गादीची कड असलेला बूट निघाला. 1977 मध्ये ओल्ड स्कूल नावाचा बूट आला. त्यात चवड्यावर आणि टाचेवर, म्हणजे झीज सर्वांत अधिक होते तेथे, कॅनव्हासऐवजी चामडे होते. 1978 मध्ये घोटा झाकणारा उंच बूट आला.

आता आमच्या मुलाच्या भोकाकडे वळू. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या अ‍ॅलन गेल्फंड याने हात न लावता फळीसकट उडी घेण्याची युक्ती काढली. तिला त्याच्याच टोपणनावाने ऑली म्हणतात. पुढे काही वर्षांनी रॉडनी मलन याने ती सपाट जमिनीवर करून दाखवली, आणि हा खेळ हौदांतून उठून रस्त्यांवर, पायऱ्यांवर आणि कठड्यांवर आला. तिचे तंत्र असे. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे. फळीचे तोंड वर उठते. त्याच क्षणी पुढचा पाय बाहेरच्या अंगावर कलता करून फळीवरून घासत वर न्यायचा. या घासण्याने फळी पायाबरोबर वर खेचली जाते. आणि फळीवर काय असते? पाय सटकू नये म्हणून चिकटवलेला कागद, ज्यावर सिलिकॉन कार्बाइडचे धारदार कण असतात. सुतार लाकूड तासून झाल्यावर ज्या काचकागदाने ते घासतो, त्याचाच हा भाऊ. म्हणजे प्रत्येक उडीला मुलगा आपला बूट काचकागदावर घासतो, आणि एका संध्याकाळी शंभर वेळा घासतो! आपल्या मुलाचा डावा पाय पुढे असतो, म्हणून डावा बूट फाटतो. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याचा उजवा.

कॅनव्हास येथे टिकत नाही. कापड म्हणजे उभे-आडवे धागे. त्यातला एक तुटला की शेजारचे सैल पडतात आणि भोक आपोआप पसरते. ही गोष्ट गिरणगावात कोणाला शिकवावी लागणार नाही. चामड्यात धागे विणलेले नसतात, तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. वरचा थर गेला तरी खालचा जागेवर राहतो. स्वेड म्हणजे चामड्याची आतली, लवदार बाजू. ती घासली जाते, पण उसवत नाही. म्हणून रस्त्यावरच्या खेळाडूंनी स्वेड पत्करले. त्यावरही पहिला बळी जातो तो शिलाईचा, कारण दोरा चामड्याच्या पृष्ठावर उचललेला असतो आणि काचकागदाला तोच आधी सापडतो. दोरा गेला की पट्टी सुटते. दुसरा बळी नाडीचा. खालच्या दोन भोकांतली नाडी त्याच वाटेवर असते.

या संकटावर उपाय प्रथम मुलांनीच शोधले, आणि कष्टकऱ्यांच्या घरातल्या बायकांना ते ऐकून नवल वाटणार नाही. नवा बूट घालण्यापूर्वीच शिलाईवर झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे दोऱ्यावर कवच चढते. भोक पडण्याची वाट न पाहता, जागा पांढुरकी दिसू लागताच तीवर रबरी डिंकाचा थर द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. जुन्या बुटाचा स्वेड कापून ठिगळ लावायचे. तुटकी नाडी गाठ मारून गाठ आत दडवायची. 1980 नंतरच्या दशकात काही कंपन्यांनी बुटाच्या कडेला आयते रबरी ठिगळ लावून दिले. पण सर्वांत बोलके उदाहरण 1992 सालचे आहे. स्टीव्ह कॅबालेरो या खेळाडूच्या नावाचा उंच बूट व्हॅन्सने 1989 मध्ये काढला होता. रस्त्यावर खेळणाऱ्यांना घोट्यावरची उंची अडे. मुलांनी तो कात्रीने कापला आणि कड चिकटपट्टीने गुंडाळली. कंपनीने ते पाहिले आणि 1992 मध्ये तसाच आखूड बूट बाजारात आणला. त्याचे नाव हाफ कॅब. तो अजूनही विकला जातो.

येथे आमच्या धंद्यातला एक जुना प्रश्न उभा राहतो, आणि तो आम्ही टाळणार नाही. वस्तू अधिक टिकली तर ती करणाऱ्याचे काम कमी होणार नाही काय? संघटनेच्या सभांत हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. तरुणपणी आम्हांसही तो बिनतोड वाटे. मजबूत माल म्हणजे कामगाराच्या पोटावर पाय, असे आम्ही एकदा बोलूनही गेलो होतो. या कारखान्याची हकीकत वाचून आमचे मत बदलले.

हा कारखाना संकटात आला तो बूट टिकत होते म्हणून नव्हे. 1982 मध्ये एका चित्रपटात एका पात्राच्या पायांत बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे बूट दिसले आणि देशभर त्यांची मागणी उसळली. धाकट्या भावाच्या, जेम्सच्या, हाती तेव्हा कारभार होता. त्याने मोठ्या कंपन्यांशी टक्कर घेण्यासाठी धावण्याचे, बास्केटबॉलचे, कुस्तीचे, आणखी कसकसले बूट काढले. कर्ज डोईवर बसले आणि 1984 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निवृत्त झालेला पॉल परत आला. तीन वर्षे कोणाला पगारवाढ मिळणार नाही, असे त्याने कामगारांना सांगितले. 1987 पर्यंत सुमारे 1 कोटी 20 लक्ष डॉलरांचे देणे फिटले. 1988 मध्ये ही कंपनी एका गुंतवणूक करणाऱ्या पेढीला 7 कोटी 44 लक्ष डॉलरांना विकली गेली. ज्यांनी तीन वर्षे वाढीवाचून काढली, त्यांच्या हिशेबाचे रकाने या आकड्याशेजारी कोणी मांडलेले आमच्या वाचनात आले नाहीत. पुढे ऑरेंज गावचा कारखाना 1995 मध्ये बंद झाला, आणि व्हिस्टा येथला 1998 मध्ये. काम आशियात गेले, कारण तेथे मजुरी स्वस्त होती. बुटाचा तळ दुप्पट जाड होता तेव्हा ते कारखाने चालले. बंद पडले ते मजुरीच्या दरावर. पोटावर पाय पडला खरा, पण तो मजबूत बुटाचा नव्हता.

मधल्या काळात फुगीर, गादीदार बुटांची लाट आली आणि गेली, तिच्यावर आम्ही वेळ घालवीत नाही. अलीकडच्या काही बुटांत स्वेडच्या खाली, झिजण्याच्या जागी, रबराचा थर दडवलेला असतो. वरचे चामडे गेले तरी आत दुसरी भिंत असते. मुले रात्री डिंक लावून जे करीत, तेच आता कारखान्यात आधी करून मिळते, आणि किमतीत धरलेलेही असते.

आमच्या मित्राचे काय झाले, असे आपण विचाराल. त्याने एका जुन्या स्वेडच्या पर्समधून ठिगळ कापले, बुटाची जागा काचकागदाने खरवडली, दोन्ही अंगांना सोल्यूशन लावून वाळू दिले आणि ठिगळ दाबून बसवले. तो शिलाई घालणार, इतक्यात मुलगा म्हणाला, "काका, टाका कडेला नको, तिथेच घासतं." मित्राने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग ठिगळ मोठे कापून त्याची कड तळाच्या पट्टीपर्यंत खाली नेली, टाका घासण्याच्या वाटेबाहेर घातला आणि त्यावर पुन्हा सोल्यूशनचे बोट फिरवले. चाळीस रुपये घेतले.

दीड महिन्याने मुलगा परत आला. ठिगळ शाबूत होते. या वेळी तळच चवड्याखाली आरपार गेला होता. शिजवून एकजीव केलेला तळ काढून दुसरा बसवणे रापीचे काम नव्हे, हे आम्ही नुकतेच वाचले होते, आणि विद्वत्तेच्या भरात तसे बोलूनही दाखवले. मित्राने भोकातून बोट घालून पाहिले, आम्हांस जरा बाजूला सरकायला सांगितले, आणि बाकाखालच्या डब्यात सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा शोधू लागला.