घोड्याची फळी झाली

जपानच्या खेड्यातल्या शिंतो देवळात जाताना तोरी कमान ओलांडायची, दगडी कुंडातल्या पाण्याने हात-तोंड धुवायचे, मग देवापुढे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा वाकायचे. बाजूच्या चौकटीवर पंजाएवढ्या लाकडी पाट्या दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. त्यांवर नवस लिहिलेले असतात: कुणाला मूल हवे असते, कुणाला परीक्षेत यश. या पाटीला एमा म्हणतात, आणि तिचा पूर्वज खराखुरा घोडा आहे.

देव घोड्यावरून येतो अशी तिथली जुनी श्रद्धा. नारा प्रांतातल्या डोंगरांत निउकावाकामी हे पाण्याच्या देवाचे ठाणे आहे. 763 साली अवर्षण पडले तेव्हा सम्राटाच्या दरबाराने तिथे काळा घोडा वाहिला. पाऊस थांबावा म्हणून पांढरा वाहत.

पण जिवंत घोडा दरबारालाच परवडणार! बाकीच्यांनी माती-लाकडाचे घोडे वाहिले, फळीवर रंगवले. अशा फळ्या त्याच काळातल्या, म्हणजे नारा काळातल्या, ठिकाणांच्या उत्खननांतही मिळाल्या आहेत, म्हणजे घोडा आणि त्याचे चित्र बराच काळ बरोबरीने चालले. 1012 साली क्योतोच्या कितानो देवळात कागदी घोडेही वाहिल्याची नोंद आहे. फळीने नवस गरिबाच्या आवाक्यात आणला, हे मला तिचे सर्वांत मोठे काम वाटते. पुढे चित्रातून घोडाही गेला. खलाशांनी जहाजे रंगवून वाहिली, व्यसन सोडणाऱ्यांनी कुलपाचे चित्र.

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, या फळीवर चक्क भूमिती आली. त्रिकोणात बसवलेली, एकमेकांना टेकलेली वर्तुळे, शेजारी प्रश्न आणि उत्तर. रीत पुष्कळदा लिहिलेलीच नसे. या गणिती पाट्यांना सानगाकू म्हणतात. शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुनी, 1683 ची, तोचिगीतल्या सानो गावची. वाहणाऱ्यांत सामुराई होते तसे शेतकरी आणि व्यापारीही. कोडे सुटले म्हणून देवाचे आभार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आव्हान: सोडवून दाखव! गणिताची नियतकालिके नव्हती त्या काळात नवे उत्तर चारचौघांत मांडायला देवळाचा सोपा ही उत्तम जागा होती. मागण्यासाठी नव्हे, सापडल्याच्या आनंदाने वाहिलेल्या या पाट्या मला साऱ्या वंशावळीत सर्वांत सुंदर वाटतात.

1872 च्या शिक्षण कायद्याने शाळांत पाश्चात्त्य गणित आले आणि सानगाकूची परंपरा ओसरली. सुमारे 900 पाट्या उरल्या आहेत. उघड्यावर टांगल्यामुळे अनेकींची शाई उडाली. काहींच्या नव्या प्रती करून देवळांत लावल्या आहेत, आणि त्यांतली कोडी जपानी शिक्षक वर्गात मुलांना घालतात.