ग्रेच्चोची गव्हाण

ऐन वसंतात नाताळचा विषय काढावा हे काही श्रोत्यांना अवेळी वाटेल. परंतु ज्या प्रश्नासाठी आम्ही हा विषय घेतला आहे, तो बाराही महिने आमच्या दाराशी उभा असतो. तो प्रश्न नम्रतेचा आहे. कामगार चळवळीत ज्याची हयात गेली त्याच्या कानांवर हा शब्द फार वेळा पडतो. मागायचे ते नम्रपणे मागा, असे मालक सांगतो. नम्रता हा गरिबाचा दागिना आहे, असे मालकाचे शहाणे स्नेही सांगतात. तेव्हा हा दागिना मुळात कोणाच्या अंगावर घालण्यासाठी घडवला गेला, हे एकदा इतिहासात जाऊन पाहिले पाहिजे.

ख्रिस्ती धर्माने नम्रता आणि देवाचे वैभव ही दोन्ही एकाच गव्हाणीत ठेवली. लूकच्या शुभवर्तमानातील कथा सर्वांस ठाऊक आहे. रोमचा कैसर औगुस्त शिरगणतीचा हुकूम सोडतो. योसेफ आणि त्याची गरोदर वाग्दत्त वधू मरिया नासरेथहून बेथलेहेमला येतात. उतारशाळेत जागा मिळत नाही. मूल जन्मते आणि त्याला बाळंत्यात गुंडाळून जनावरांच्या गव्हाणीत ठेवतात. मग आकाश उजळते आणि देवदूत देवाचा गौरव गातात. पण हे वैभव दिसते कोणाला? कैसराला नाही, यरुशलेमच्या राजवाड्यालाही नाही. रानात कळप राखीत जागणाऱ्या धनगरांना दिसते. आमच्या भाषेत सांगायचे तर ती वार्ता प्रथम रात्रपाळीच्या माणसांना मिळाली.

पौलाने फिलिप्पैकरांस पाठविलेल्या पत्रात याच गोष्टीचा अर्थ सांगितला आहे. जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने ती बरोबरी कवटाळून धरली नाही, त्याने दासाचे रूप घेतले, असा त्याचा आशय. मूळ ग्रीक शब्द गुलामासाठी वापरला जाणारा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथेत वाकतो तो वरचा. धनगरांना कोणी वाका म्हणत नाही. त्यांना भिऊ नका, असे सांगितले जाते, आणि ते उठून चालू लागतात.

पुढे चौथ्या शतकात रोमच्या बादशहांनी हा धर्म जवळ केला आणि देवाच्या वैभवाला सोन्याचा मुलामा चढू लागला. देवळे उंच झाली, धर्मगुरूंची वस्त्रे भरजरी झाली. गव्हाण राहिली, पण ती वेदीवरील विधीत आणि लॅटिन भाषेत राहिली. शेतकऱ्याच्या गोठ्याशी तिचा संबंध सुटला. तो पुन्हा जोडला इ. स. १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने.

फ्रान्सिस हा इटलीतील असिसी नगरातील पिएत्रो बेर्नार्दोने या कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म ११८१ किंवा ११८२ चा. त्या काळी असिसीत दोन वर्ग उघडपणे ओळखले जात, थोर आणि लहान. त्यांच्यात लढाया झाल्या, तह झाले. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजाशी झालेल्या लढाईत तरुण फ्रान्सिस कैद झाला आणि सुमारे वर्षभर तुरुंगात राहिला. पुढे त्याचे मन पालटले. बापाने पैशासाठी त्याला बिशपसमोर उभे केले, तेव्हा त्याने अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या स्वाधीन केले. त्याने जो संघ काढला त्याला नाव दिले लहान बंधूंचा संघ. गावात ज्या शब्दाने खालच्यांना ओळखत, तोच शब्द त्याने आपल्या संघाच्या कपाळावर लिहिला.

१२२३ च्या २९ नोव्हेंबरला पोप तिसरा ऑनोरियस याने या संघाच्या नियमावलीस मान्यता दिली. संघ वाढला होता, त्यात विद्वान आणि वजनदार माणसे आली होती. प्रमुखपद तर फ्रान्सिसने १२२० मध्येच सोडले होते. मान्यतेनंतर चार आठवड्यांच्या आत नाताळ आला, आणि तो त्याने रिएतीच्या खोऱ्यातील ग्रेच्चो या डोंगरावरच्या लहानशा गावी साजरा केला.

फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार चेलानोचा थॉमस याने हे वर्णन मृत्यूनंतर दोनतीन वर्षांतच लिहून ठेवले. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी फ्रान्सिसने जोव्हान्नी नावाच्या तेथील खानदानी गृहस्थाला बोलावले आणि गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांची तयारी करावयास सांगितले. त्या बाळाला जन्मतःच कसली अडचण सोसावी लागली, ते आपल्याला या डोळ्यांनी पाहायचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. रात्री आसपासचे स्त्रीपुरुष मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले. रान गाण्यांनी दुमदुमले. गव्हाणीवरच मिस्सा झाला. फ्रान्सिस हा धर्मगुरू नव्हता, त्याच्या खालच्या पायरीवरचा डीकन होता. म्हणून त्याने शुभवर्तमान गायिले आणि मग लोकांना प्रवचन केले. बेथलेहेम हा शब्द तो कोकराच्या बेंबावण्यासारखा उच्चारी, असे थॉमस सांगतो. बाळाची मूर्ती त्या वर्णनात कोठेही नाही. गव्हाण रिकामी होती. एका सज्जनाला मात्र तीत निजलेले मूल दिसले आणि फ्रान्सिसने ते जागे केल्याचा भास झाला.

या रात्रीत देवाचे वैभव कमी झाले काय? थॉमसच्या मते ते तेथेच प्रकटले. ते खाली उतरले म्हणून लोकांना दिसले.

याच थॉमसने आणखी एक आठवण दिली आहे. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैल आणि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त वैरण मिळावी, आणि सम्राटाशी बोलण्याचा योग आला तर चंडोल पक्ष्यांसाठी रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम काढावयास सांगावे, असे फ्रान्सिसला वाटे. आम्ही आयुष्यात पुष्कळ मागणीपत्रे लिहिली, पण बैलापासून पाखरापर्यंत सर्वांना सामावून घेणारे असे मागणीपत्र दुसरे पाहिले नाही.

तरीही फ्रान्सिसशी आमचा एक वाद आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२२६ मध्ये लिहिलेल्या आपल्या मृत्युपत्रात तो म्हणतो की, बंधूंनी हाताने काम करावे, आणि कामाची मजुरी न मिळाली तर दारोदार भिक्षा मागावी. संन्याशाला हे शोभते. त्याने दारिद्र्य आपण होऊन पत्करलेले असते. पण ज्याच्या घरी चार तोंडे आहेत त्याची मजुरी बुडाली, तर त्याला भिक्षेचा मार्ग दाखविणे हा अन्याय आहे. आमच्या माहितीतील एका कारखान्यात दर दिवाळीला मिठाईचा पुडा हसतमुखाने वाटला जाई आणि बोनसची रक्कम दोन वर्षे थकलेली असे. पुडा घेताना हात जोडले नाहीत, तर तो कामगार उद्धट ठरे. स्वतः निवडलेले लहानपण आणि लादलेले लहानपण यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले माणसाला मोठे करते, दुसरे त्याला मोडते. फ्रान्सिसच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्याने लहानपण दुसऱ्यावर लादले नाही. आधी ते स्वतः अंगीकारले.

त्याच्या मागे काय झाले? ३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो वारला. दोन वर्षांच्या आत, १२२८ मध्ये, त्याला संतपद मिळाले आणि त्याच साली असिसीत त्याच्या नावाच्या भव्य मंदिराचा पाया घातला गेला. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्या मंदिरात ग्रेच्चोच्या प्रसंगाचे भित्तिचित्र रंगविले गेले. ते जोत्तोचे की दुसऱ्या कोणाचे, यावर अजून वाद चालतो. पण चित्र पाहण्याजोगे आहे. त्यात डोंगर नाही, रान नाही. प्रसंग एका श्रीमंत देवळाच्या गाभाऱ्यात घडतो. आत धर्मगुरू आणि प्रतिष्ठित पुरुष आहेत, आणि बायका आडपडद्याच्या दारात दाटीने उभ्या आहेत. ग्रेच्चोच्या रानात जे सर्वांचे होते त्याला चित्रात दार बसले. शेसव्वाशे वर्षे कशाला, वैभवाला पुन्हा वर चढायला पाऊण शतक पुरले.

फ्रान्सिसच्या संघाचे संन्यासी १५१७ मध्ये गोव्यात आले आणि पुढे वसईलाही त्यांचा मठ झाला. ते पोर्तुगीजांच्या तोफांच्या आश्रयाने आले, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. नाताळ हा आमच्या भाषेतला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. परंतु आज वसईत आणि गोव्यात डिसेंबर महिन्यात पोरे गवत, माती आणि बांबू गोळा करून जो गोठा उभारतात, त्याला तोफांची गरज लागत नाही. सत्ता गेली, गव्हाण राहिली. २०२३ मध्ये ग्रेच्चोच्या त्या रात्रीला आठशे वर्षे पूर्ण झाली.

शेवटी मूळ बेथलेहेमकडे वळू. तेथील जन्ममंदिराचे दार आज जेमतेम चार फूट उंच आहे आणि लोक त्याला नम्रतेचे दार म्हणतात. पूर्वी ते उंच होते, त्या जुन्या कमानीची खूण भिंतीत अजून दिसते. घोडेस्वारांनी थेट आत घुसू नये म्हणून ते ठेंगणे केले, असे परंपरा सांगते. श्रोतेहो, नम्रतेचा अर्थ आम्हाला त्या दारात सापडतो. घोड्यावरच्याला तेथे उतरावेच लागते. उंच माणसाला वाकावे लागते. लहान मूल मात्र मान ताठ ठेवून सरळ आत जाते.