रूळ कोणीं घातले?

जुनी वास्तु पाहणें निराळें, आणि तिचा इतिहास कळणें निराळें. मुंबईचें बोरीबंदर स्थानक, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, माहितगाराबरोबर आंतून पाहतां येतें असें कळल्यावर आम्ही विद्यार्थ्यांसह तेथें गेलों. १८७८ सालीं आरंभिलेली ही इमारत सुमारें दहा वर्षांनीं पुरी झाली. २००४ सालीं युनेस्कोनें तिची जागतिक वारशांत गणना केली. घुमट, अधांतरीं वाटणारा जिना व दगडांत कोरलेले पशुपक्षी पाहून मुलें थक्क झालीं. निघतांना एकानें विचारलें, "सर, इमारत स्टीव्हन्ससाहेबांची, पण रूळ कोणीं घातले?"

याचें उत्तर त्या इमारतींत नाहीं. तें बोरघाटांत आहे. १८५३ च्या १६ एप्रिलला गाडी ठाण्यास गेली, तो पल्ला २१ मैलांचा. खरी कसोटी सह्याद्रीनें घेतली. घाटाचें काम १८५६ पासून १८६३ पर्यंत चाललें व ऐन भरांत ४०,००० हून अधिक माणसें तेथें राबत होतीं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच थोड्या दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं काम तडीस नेलें. त्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. पटकीनें गेलेल्या मजुरांचीं कोणास ठाऊक आहेत?

आमच्या औरंगाबादची, आतांच्या छत्रपति संभाजीनगरची, कथा याहून वेगळी नाहीं. पूर्वीं मुंबईकडून वेरुळास येणारा प्रवासी नांदगांवास उतरे व पुढें गाडीरस्त्यानें येई. निजामाच्या राज्यांतील मनमाडपर्यंतचा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळांत खुला झाला. मराठवाड्यांतील भीषण दुष्काळहि त्याच वेळचा. रूळ आणि उपासमार जणूं हातांत हात घालून आलीं. गेल्या शतकाच्या अखेरीस ते अरुंद रूळहि गेले.

आज अजिंठा-वेरुळाचे पाहुणे याच स्थानकावर उतरतात आणि फलाटाकडे न पाहतां पुढें जातात. त्यांस पाव घटका थांबवून ही हकीकत सांगावयास काय हरकत आहे? मीटरगेजवर राबलेले कामगार आतां वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणी वेळींच लिहून घेतल्या, तरच त्या मुलाच्या प्रश्नाला आम्हांस उत्तर देतां येईल. दगड थांबतील, माणसें थांबणार नाहींत.