चक्रगतीचें मापन आणि दृष्टीची साक्ष

लुकलुकत्या प्रकाशांत फिरतें चाक स्थिर दिसलें कीं त्याचा वेग कळला, असें विधान पुष्कळदां केलें जातें. हें विधान आम्हांस अपुरें वाटतें.

फिरतें कोलीत वर्तुळ भासतें, हें गौडपादाचार्यांच्या अलातशान्तिप्रकरणामुळें वाचकांस परिचितच आहे. यंत्राच्या चाकांविषयीं असा विचार फॅरडे यानें १८३१ सालीं प्रसिद्ध केला. एका शिशाच्या कारखान्यांत एकामागें एक वेगानें फिरणारीं दोन दंतचक्रें पाहतांना त्यास दांते मंदपणें सरकत असल्याचा भास झाला होता. तो निबंध वाचून व्हिएन्नाच्या श्टांफरनें १८३२ च्या अखेरीस प्रयोग आरंभिले; ब्रुसेल्सच्या प्लातोचें पत्र जानेवारी १८३३ चें आहे. दोघांच्याहि फिरत्या चित्रचकत्या सारख्याच. तथापि प्लातोचीं अशीं निरीक्षणें फॅरडेच्याहि आधींचीं असल्यामुळें एकानें दुसऱ्याचें उचललें, असें आम्ही मानीत नाहीं. दृष्टिभ्रमाचा हा अभ्यासक १८४३ पासून स्वतः अंध होता. स्ट्रोबोस्कोप हें नांव मात्र श्टांफरच्या शब्दावरून रूढ झालें. पुढें १९३१ च्या सुमारास अमेरिकेंतील एजर्टन यानें विद्युद्दीपाच्या क्षणिक झोतांनीं फिरत्या मोटारींचें निरीक्षण केलें.

आतां मूळ शंका. एक खूण केलेलें चाक मिनिटास १८०० फेरे घेत असेल, तर १८०० झोतांत तें स्थिर दिसेल. पण ९०० झोतांत आणि ६०० झोतांतहि तसेंच दिसेल. एकाच पोथीवरून पाठ ठरविणारा जसा फसतो, तसा येथें पाहणारा फसतो. म्हणून लागोपाठचे दोन स्थिर आंकडे घ्यावे, आणि त्यांच्या गुणाकारास त्यांच्या वजाबाकीनें भागावें: ९०० गुणिले ६०० म्हणजे ५,४०,०००, त्यास ३०० नीं भागतां १८०० येतात. ३६०० झोतांत तर एकीच्या दोन खुणा समोरासमोर दिसतात. ही निराळी साक्षहि तपासून घ्यावी.

कॅमेऱ्याचेंहि तसेंच. सेकंदास २५ चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यापुढें २४ फेऱ्यांचें चाक उलट फिरत असल्यासारखें दिसतें. चाकावर चकचकीत पट्टी लावून तिच्यावरून परतणारा प्रकाश संवेदकानें मोजावा, तर हा घोळ टळतो. मात्र चाकावर दुसरा एखादा चकचकीत डाग राहिला असल्यास फेरे दुप्पट भरतात. यास्तव पट्टी लावण्यापूर्वीं चाक पुसून काळें करावें.