हद्द कुणाची, कॉल कुणाचा

हिंजवडीच्या शिवाजी चौकात दुचाकी घसरली आणि कुणी ११२ फिरवला, तर तो आवाज आधी नवी मुंबईत महापेला पोचतो. तिथल्या लाइनी भरलेल्या असतील तर नागपूरला. कॉल घेणारा पहिल्या काही सेकंदांत विचारतो, "कुठला शिवाजी चौक?" प्रश्न रास्तच आहे, शिवाजी चौक नसलेलं गाव महाराष्ट्रात शोधावं लागेल. ठिकाण पक्कं झालं की नोंद पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या नियंत्रण कक्षात उतरते आणि तिथून हिंजवडी ठाण्याच्या गाडीत बसवलेल्या पडद्यावर उमटते. चौकापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या गाडीला निरोप मिळतो तो असा शंभरावर किलोमीटरचा फेरा घेऊन. पडद्याला अंतराचं काही वाटत नाही. माणसांना मात्र 'हद्द कुणाची' हे विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि ही खोड फोनपेक्षा जुनी आहे.

संकटासाठी वेगळा नंबर हवा, हे जगाला सुचलं एका आगीमुळे. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एक घर पेटलं, पाच बायका गेल्या. समोरचा शेजारी एक्स्चेंजला फोन लावत होता, पण त्याचाही कॉल इतरांसारखाच रांगेत थांबून राहिला. त्याने चिडून वृत्तपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. अमेरिकेचा पहिला ९११ कॉल त्यानंतर तीस वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावातून लागला. आपल्याकडे पोलिसांना १०० आणि अग्निशमनाला १०१ असे नंबर रुळले. जुन्या चकतीच्या फोनवर शून्य फिरवायला सगळ्यात जास्त वेळ लागे, आणि १०० मध्ये शून्यं दोन. घाईच्या नंबरात ही गंमत कुणी ठेवली, देव जाणे.

पुण्याला पोलीस आयुक्तालय मिळालं १९६५ मध्ये. राज्य पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचं मुख्यालयही पुण्यातच, पाषाण रस्त्यावरच्या चव्हाणनगरात आहे. त्या काळातली कंट्रोल रूम म्हणजे भिंतीवर नकाशा, टेबलावर वायरलेसचा संच, शेजारी नोंदवही. तिथल्या अधिकाऱ्याचं भांडवल स्मरणशक्ती. कोणती व्हॅन कुठे आहे, कोणता पूल पावसात पाण्याखाली जातो, रस्त्याची कोणती बाजू कोणत्या ठाण्याकडे येते, हे त्याला तोंडपाठ असावं लागे. नकाशावर नसलेली वस्ती त्याच्या डोक्यात असे; तो सेवानिवृत्त झाला की तीही त्याच्याबरोबर जाई.

अशा व्यवस्थेला हिंजवडीने चांगलंच गोंधळात टाकलं असतं. मुळशी तालुक्यातल्या या गावात साखर कारखाना व्हायचा होता, त्याऐवजी आयटी पार्क झालं, ही हकिगत शरद पवार अनेकदा सांगत आले आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहत गेलं आणि भाताची खाचरं संपून काचेच्या इमारती आल्या. कारभार मात्र तुकड्यातुकड्यांत राहिला. गावठाण ग्रामपंचायतीचं, कंपन्यांचा पट्टा एमआयडीसीचा, २०१५ पासून आसपासच्या भागाचं नियोजन पीएमआरडीएकडे, आणि वाकडची वेस ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिका. पोलीस ठाणं पुणे शहराच्या आयुक्तालयात होतं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय निघाल्यावर ते तिकडे गेलं. हे नवं आयुक्तालय आधी चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये आणि नंतर प्रेमलोक पार्कात महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत भरलं.

रुग्णवाहिकेची गोष्ट निराळी, आणि तिचे धागे या परिसराशी जास्त जुळलेले. १०८ ची सेवा देशात पहिल्यांदा सुरू झाली २००५ मध्ये हैदराबादला, 'सत्यम'च्या रामलिंग राजूंच्या पुढाकाराने. म्हणजे ती आयटी कंपनीच्या मालकाच्या डोक्यातून निघाली. 'सत्यम' पुढे घोटाळ्यात बुडून टेक महिंद्रात विलीन झाली, आणि त्या टेक महिंद्राचं मोठं आवार आज हिंजवडीत आहे. महाराष्ट्रात मात्र २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी ही सेवा सुरू झाली ती चिंचवडच्या बीव्हीजीकडून. हणमंतराव गायकवाडांच्या या कंपनीने सुरुवात केली होती पिंपरीत, टेल्कोच्या कारखान्यातल्या साफसफाईच्या कामापासून. एकूण ९३७ गाड्या. त्यांतल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसकट प्रगत साधनं, उरलेल्या ७०४ मध्ये प्राथमिक. प्रत्येक गाडीत डॉक्टर हे आपल्या राज्याचं वेगळेपण. साऱ्या राज्याचे कॉल पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या केंद्रात येऊ लागले. गडचिरोलीतली बाळंतीण आणि हिंजवडीतला हृदयविकाराचा रुग्ण, दोघांची गाडी एकाच खोलीतून ठरू लागली.

अशा खोलीतल्या सुपरवायझरपुढचा खरा पेच गाड्यांच्या त्या दोन आकड्यांत आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या कॉलला जवळची साधी गाडी पाठवायची, की लांबची प्रगत? जवळची प्रगत गाडी पाठवून टाकली आणि पाच मिनिटांनी त्याच भागातून याहून गंभीर कॉल आला तर? सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याच्या जम्बो कोविड रुग्णालयात एका दूरचित्रवाणी पत्रकाराचा मृत्यू झाला, तेव्हा कार्डियाक रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही असा आरोप झाला. साऱ्या राज्याला त्या दिवसांत या दोन प्रकारच्या गाड्यांमधला फरक कळला.

फोनच आला नाही तर काय, याचं उत्तर कुठल्याच यंत्रणेकडे नाही. १०८ सुरू होऊन सहा महिने झाले होते, तोच ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. बाहेरच्यांना कळलं ते रोजच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना तेव्हा.

११२ च्या मागे दिल्लीतली डिसेंबर २०१२ ची सामूहिक बलात्काराची घटना होती. त्यानंतर उभारलेल्या निर्भया निधीतून सर्व राज्यांसाठी एकच नंबर आखला गेला. २८ नोव्हेंबर २०१८ ला हिमाचल प्रदेशात तो पहिल्यांदा लागला, महाराष्ट्रात २०२१ मध्ये. त्याच काळात हद्दीच्या रोगावर दुसरं औषधही निघालं, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याचं. तक्रार कुठल्याही ठाण्याने घ्यायची, मग संबंधित ठाण्याकडे पाठवायची. १ जुलै २०२४ पासून ते कायद्यातच आलं.

आता नकाशा भिंतीवरून पडद्यावर आला, गाड्या ठिपके होऊन हलू लागल्या. त्यामुळे सुपरवायझरचं काम हलकं झालं असं समजणं भाबडेपणाचं आहे. भूमकर चौकात दोन मोटारी धडकल्या की दहा जण फोन करतात. हे दहा अपघात नसून एकच आहे, हे ओळखायचं. अकरावा कॉल मात्र खरोखर दुसऱ्या अपघाताचा असू शकतो, तो त्यांत बुडू द्यायचा नाही. फोन लागतो आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो: पोराच्या हातात मोबाइल आहे, की बोलता न येणारी बाई? आणि पडद्यावर सगळ्यात जवळ दिसणारा ठिपका संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या कोंडीत अडकलेला असतो, तेव्हा लांबचा दुचाकीवरचा बीट मार्शल आधी पोचतो. हे जुन्या वायरलेसवाल्याला कळत होतं, यंत्राला शिकवावं लागतं.

१९ मार्च २०२५ च्या सकाळी हिंजवडीच्या फेज वनमध्ये कर्मचाऱ्यांना नेणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला. मागचं दार उघडलं नाही आणि चौघे आत जळून गेले. चालकानेच आग लावल्याचं पुढे पोलिसांनी सांगितलं. अशा आगीत मिनिटंही फार होतात. एरवीच्या आगीला मात्र बंब पाठवायचा तर महापालिका, पीएमआरडीए आणि एमआयडीसी अशी तीन दारं या परिसरात आहेत. हिंजवडी महापालिकेत घ्या, ही मागणी दर पावसाळ्यात रस्ते तुंबले की जोर धरते. त्यात पाणी, कचरा, खड्डे हे सगळं येतं. बंबाचा विषय क्वचितच निघतो.